आठ पानांच्या चित्रकथेला कथेचा मान द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या वाचनाविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. वाचनालये ओस पडत चालली आहेत याबद्दलची लेखकाची तळमळ खरी आहे आणि तिच्याशी माझा कसलाही वाद नाही. मात्र लेखाच्या मध्यावर एक परिच्छेद असा आहे, की तो वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत निघणाऱ्या भयकथांच्या आणि विज्ञानकथांच्या कॉमिक्सना त्यात सरसकट ‘रक्तपाताची रद्दी’ ठरवले आहे, आणि अमेरिकी सरकारने त्यांच्यावर बंदी घालून मुलांना वाचवले, असेही म्हटले आहे. यातले दुसरे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि पहिले विधान हे अंक न वाचताच केले असावे असे मला वाटते.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून नोकरी केली. फोर्टच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे जुन्या अमेरिकी कॉमिक्सचे सुटे अंक अधूनमधून मिळत, आणि पुढे त्यांतल्या चांगल्या मालिकांची पुनर्मुद्रणेही हाती आली. ती मी जपली, पुनःपुन्हा वाचली आणि आजही वाचतो. त्या बळावर हे लिहीत आहे. पत्र लांबले आहे, परंतु विषय चार ओळींत मावणारा नाही.

कॉमिक म्हटले की आज डोळ्यांपुढे येतो तो आकाशात उडणारा महानायक. या अंकांत असा नायक नसे. एका अंकात सहसा चार कथा, प्रत्येक कथा सहा ते आठ पानांची, स्वतंत्र आणि पूर्ण. ‘क्रमशः’ काही नाही आणि तीच पात्रे पुढच्या अंकात भेटण्याची शक्यताही नाही. यामुळे एक मोठी गोष्ट साधत असे. मालिकेतला नायक कितीही संकटात सापडला तरी शेवटी वाचणार, हे वाचकाला ठाऊक असते आणि म्हणून त्याची भीती लटकी असते. इथे मात्र पहिल्या चौकटीत भेटलेला माणूस शेवटच्या चौकटीपर्यंत जिवंत राहील याची हमी कोणी देत नसे. लघुकथा जशी एका प्रसंगावर, एका वळणावर आणि एका परिणामावर उभी असते, तशीच ही चित्रकथा उभी असे. तिच्याकडे बघायचे तर लघुकथा म्हणून बघायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

अशा कथा अनेक प्रकाशक छापत होते. ‘अ‍ॅडव्हेंचर्स इनटू द अननोन’ हे केवळ भयकथांचे नियतकालिक १९४८ मध्येच सुरू झाले होते, आणि डीसी या प्रकाशनाचे ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’ १९५० मध्ये व ‘मिस्ट्री इन स्पेस’ १९५१ मध्ये विज्ञानकथांसाठी निघाले. परंतु या प्रकाराचा खरा कस ज्यांनी वाढवला ते न्यूयॉर्कच्या लफायेट स्ट्रीटवरचे ईसी कॉमिक्स. बायबल आणि इतिहास यांवरच्या चित्रकथा छापणारी ही संस्था मॅक्स गेन्स यांनी काढली होती. १९४७ मध्ये एका बोट अपघातात ते गेले आणि कर्जात बुडालेला व्यवसाय त्यांचा मुलगा विल्यम याच्या गळ्यात पडला. विल्यम गेन्स आणि त्यांचे संपादक-लेखक अल फेल्डस्टाइन या दोघांनी १९५० मध्ये भयकथांची तीन आणि विज्ञानकथांची दोन नियतकालिके सुरू केली. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हॉन्ट ऑफ फिअर’ ही पहिली तीन. ‘वीअर्ड सायन्स’ आणि ‘वीअर्ड फॅण्टसी’ ही पुढची दोन. अंकाची किंमत दहा सेंट.

त्यांची काम करण्याची पद्धत छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला फार विचार करायला लावते. गेन्स रात्री जागून ढीगभर वाचत आणि सकाळी कथाबीजांच्या चिठ्ठ्या घेऊन येत. त्यांतले एखादे बीज दोघांना पटले की फेल्डस्टाइन बसत आणि साधारणपणे दिवसाला एक कथा पुरी करत. ते मजकूर वेगळ्या कागदावर न लिहिता थेट चित्रफलकावर, चौकटी आखून, त्या त्या जागी लिहीत. मग अभियंत्यांचे आरेखक वापरत तशा साच्याने ती अक्षरे कोरीव, एकसारखी उतरवली जात आणि त्यानंतर तो फलक चित्रकाराकडे जाई. म्हणजे चित्रकाराला उरलेल्या जागेत आपले काम करावे लागे. या पद्धतीचे तोटेही स्पष्ट दिसतात. माणूस दार उघडतो आहे हे चित्र दाखवत असताना वरच्या चौकोनात ‘त्याने थरथरत्या हाताने दार उघडले’ असे चार ओळींत पुन्हा सांगितलेले असते आणि काही पानांवर अक्षरांनी चित्राचा श्वास कोंडलेला असतो. परंतु लेखकाला आपला चित्रकार कोण हे लिहितानाच ठाऊक असल्याने कथा त्या हातासाठी बेतलेली असे. कुजलेली लाकडे, दलदल, ओघळणारे चेहरे हवेत तर ग्रॅहम इंगल्स. नीटनेटक्या घरात नवरा-बायकोतला खून हवा तर जॉनी क्रेग, जे स्वतःच्या कथा स्वतःच लिहीत. अवकाशयानाचे पोट, त्यातल्या नळ्या, तबकड्या, तारा आणि त्यांवर पडलेला उजेड हवा तर वॅली वुड. वुड यांचे यानाच्या आतले एखादे चित्र मी भिंग घेऊन पाहिले आहे. त्यात एकही तार कुठून निघाली आणि कुठे गेली याचा पत्ता चुकत नाही, आणि हे सगळे अशा स्वस्त कागदावर, जिथे रंग हलला की निम्मे काम वाया जाई.

आता ज्या कथेमुळे मी हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. ‘वीअर्ड फॅण्टसी’च्या १९५३ च्या वसंतातल्या १८ व्या अंकात ‘जजमेंट डे’ नावाची सात पानांची कथा आहे. लेखन फेल्डस्टाइन यांचे, चित्रे जो ऑर्लँडो यांची. पृथ्वीवरून टार्ल्टन नावाचा एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर उतरतो. हा ग्रह पृथ्वीच्या महान आकाशगंगीय प्रजासत्ताकात सामील होण्यास लायक झाला आहे की नाही, हे त्याला ठरवायचे आहे. नारिंगी रंगाचे यंत्रमानव त्याला आपली प्रगती अभिमानाने दाखवतात, आपला कारखाना दाखवतात. तो विचारतो, निळे यंत्रमानव कुठे तयार होतात? मग त्याला कळते की त्यांचा कारखाना निराळा, वस्ती निराळी, गाडीत बसण्याची जागा मागची, आणि शिक्षण देणारे यंत्रही निराळे. टार्ल्टन दोन्ही कारखान्यांतले सुटे भाग तपासतो. ते सगळे सारखेच आहेत; फरक आहे तो फक्त बाहेरच्या पत्र्याच्या रंगाचा. तो त्यांना सांगतो की तुम्ही अजून लायक झालेला नाहीत, पण आशा आहे, कारण पृथ्वीवरही एकेकाळी असेच होते. तो यानात परततो आणि पहिल्या पानापासून डोक्यावर असलेले शिरस्त्राण काढतो. शेवटच्या चौकटीत आपल्याला प्रथमच त्याचा चेहरा दिसतो. तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्या काळ्या कातडीवरचे घामाचे थेंब दूरच्या ताऱ्यांसारखे चमकत आहेत.

महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्या भाषेत घडला, त्या भाषेच्या वाचकाला निळ्या यंत्रमानवांची वेगळी वस्ती म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. वेशीबाहेरची वस्ती आपल्याला शिकायला अमेरिकेला जावे लागत नाही. मी ही कथा प्रथम वाचली तेव्हा मला धक्का बसला तो शेवटच्या चेहऱ्याचा नव्हे. तपासणीच्या त्या पानाचा बसला, जिथे टार्ल्टन एकेक सुटा भाग हातात घेऊन पाहतो आणि कोणावर आवाज चढवत नाही. सात पानांत एवढा संयम राखणे सोपे नाही. कथा प्रसिद्ध झाली तेव्हा शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला अजून वर्षभर अवकाश होता. दहा सेंटच्या अंकात, पोरासोरांच्या हाती पडणाऱ्या कागदावर, हे छापून आले होते.

तंत्राच्या दृष्टीने मात्र मी पहिला मान दुसऱ्या एका कथेला देईन. ‘इम्पॅक्ट’ या नियतकालिकाच्या १९५५ च्या पहिल्या अंकात ‘मास्टर रेस’ ही आठ पानांची कथा आहे आणि तिची चित्रे बर्नार्ड क्रिगस्टाइन यांची आहेत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस बसला आहे. नाझी छळछावणीच्या आठवणींनी तो पछाडलेला आहे. डब्यात काळ्या कोटातला दुसरा एक माणूस चढतो आणि बसलेला माणूस त्याला ओळखतो. वाचकाला वाटत राहते की हा बिचारा छावणीतून वाचलेला कैदी असावा. मग उलगडते की तो त्या छावणीचा प्रमुख होता. संपादकांनी क्रिगस्टाइन यांना सहा पानांची कथा दिली होती. त्यांनी जास्त पाने मागितली, आठ मिळाली, आणि त्यांनी फलकावरचा मजकूर कापून, नव्याने चिकटवून चौकटी स्वतःच्या हिशेबाने पाडल्या. पळणारा माणूस फलाटाच्या कडेवर घसरतो तो क्षण त्यांनी अरुंद, उभ्या चौकटींत चिरत नेला आहे, आणि त्यानंतर गाडी पुढून धडधडत जाते तेव्हा खिडक्यांतले चेहरे एकावर एक, दुहेरी-तिहेरी उमटत जातात. दादरच्या फलाटावर उभे असताना समोरून न थांबणारी फास्ट गाडी गेली की डब्यातली माणसे जशी ओढल्यासारखी दिसतात, नेमके तसे ते चित्र आहे. हलणारी गाडी स्थिर कागदावर अशी उतरवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शिवाय १९५५ साली नाझी छळछावण्यांविषयी लोकप्रिय साहित्यात फारसे कोणी बोलत नव्हते, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

या अंकांतले सगळेच साहित्य या तोलाचे होते असे मी म्हणणार नाही. पैशासाठी नवऱ्याला मारणारी बायको आणि थडग्यातून उठून सूड घेणारे प्रेत हा साचा त्यांनी इतक्या वेळा वापरला की दुसऱ्याच पानावर शेवट कळावा. बायकांची पात्रे बहुतेक वेळा लोभी किंवा मूर्ख. आणि ईसीचे यश पाहून जे डझनावारी नकलाकार उभे राहिले, त्यांनी कथा बाजूला ठेवून नुसता रक्तामांसाचा चिखल छापला. पण याच अंकांत विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी यांच्या कथांची रूपांतरेही आली. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५२ मध्ये ईसीने ब्रॅडबरींच्या दोन कथा जोडून त्यांना न विचारता एक चित्रकथा छापली. ब्रॅडबरींनी वकिलाची नोटीस पाठवली नाही. त्यांनी सौजन्याने पत्र लिहून कळवले की रूपांतराच्या हक्कांचे पन्नास डॉलर पाठवायचे तुमच्याकडून राहून गेलेले दिसते. गेन्स यांनी पैसे पाठवले आणि त्यानंतर त्यांच्या कथा रीतसर परवानगीने, त्यांचे नाव छापून येऊ लागल्या. एवढा मोठा लेखक आपली कथा या चित्रकारांच्या हाती द्यायला तयार झाला, याला काही अर्थ आहे.

आता बंदीविषयी. फ्रेडरिक वर्थम हे न्यूयॉर्कमधले मानसोपचारतज्ज्ञ. १९५४ मध्ये त्यांनी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचा मोठा दोष कॉमिक्सवर ठेवला. वर्थम यांना खलनायक ठरवणे मला मान्य नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी अल्प शुल्कात दवाखाना चालवला, आणि शाळांतल्या वर्णभेदामुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या परिणामांविषयीचे त्यांचे काम वर उल्लेखिलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खटल्यात उपयोगी पडले. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेने मूळ नोंदी पुस्तकाशी ताडून पाहिल्या आणि २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची वये बदललेली, अनेक मुलांची बोलणी एकाच्या तोंडी घातलेली, घरची मारहाण आणि दारिद्र्य यांचे उल्लेख गाळलेले, असे त्यांना आढळले. आपल्या लेखकांनी या पुस्तकाचाच निष्कर्ष प्रमाण मानला असावा, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

वर्थम यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, १९५४ च्या २१ एप्रिलला, बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सेनेटच्या उपसमितीपुढे न्यूयॉर्कमध्ये साक्षी झाल्या. सेनेटर कीफॉव्हर यांनी कुऱ्हाड आणि बाईचे तुटलेले मुंडके दाखवणारे एक मुखपृष्ठ गेन्स यांच्यापुढे धरले आणि हे अभिरुचीला धरून आहे का, असे विचारले. भयकथेच्या अंकासाठी आहे, असे गेन्स म्हणाले. या एका उत्तराने त्यांची बाजू कोसळली, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तेच गाजले. त्याच साक्षीत त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. वर्थम यांनी ईसीच्या एका कथेतली वंशद्वेषी वाक्ये वाचून दाखवून ती द्वेष पसरवते असे म्हटले होते. त्या कथेत मेक्सिकन मुलाच्या द्वेषाने आंधळा झालेला एक बाप जमाव घेऊन अंधारात त्याला ठार मारायला जातो आणि त्या माराने त्याची स्वतःचीच मुलगी मरते. द्वेषाचा असा शेवट दाखवणारी कथा द्वेषाची म्हणून समितीपुढे ठेवली गेली, कारण वाक्ये वाचली गेली आणि कथा वाचली गेली नाही.

सरकारने मात्र बंदी घातली नाही. भेदरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच संघटना स्थापून १९५४ च्या ऑक्टोबरात एक संहिता स्वीकारली. नियतकालिकाच्या नावात ‘हॉरर’ वा ‘टेरर’ हे शब्द नकोत. चालती प्रेते, रक्तपिपासू, नरमांसभक्षक, लांडगामानव यांतले काही नको. ज्या अंकावर संहितेचा शिक्का नाही तो वितरक उचलत नसत, त्यामुळे कायदा न करताच काम झाले. हा शिक्का २०११ पर्यंत कुठे ना कुठे टिकून होता. ईसीने भयकथांची नियतकालिके बंद केली. पुढे एका अंकात नवी कथा नाकारली गेली, म्हणून त्या जागी ‘जजमेंट डे’ पुन्हा छापायचे ठरले, तेव्हा संहितेच्या प्रमुखांनी आधी अंतराळवीर कृष्णवर्णीय नको असे सांगितले आणि नंतर निदान घामाचे थेंब तरी काढा असे सुचवले. गेन्स यांनी दोन्ही नाकारले आणि कथा जशीच्या तशी छापली. मॉन्टगोमेरी शहरातले कृष्णवर्णीय नागरिक बसमधल्या मागच्या जागांविरुद्ध बहिष्कार पुकारून पायी चालत होते, त्याच हिवाळ्यात, १९५६ च्या आरंभी, तो अंक दुकानांत होता. ईसीचे ते शेवटचे कॉमिक बुक ठरले. रक्ताचा थेंबही नसलेल्या कथेला मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या संहितेने अडवले होते, हे आपल्या लेखकांनी कृपया विचारात घ्यावे.

या प्रकरणाची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली, हे फार थोड्यांना माहीत असेल. ग्लासगोच्या एका दफनभूमीत १९५४ मध्ये शेकडो मुले लोखंडी दातांच्या पिशाच्चाला शोधायला जमली आणि त्याचा दोष अमेरिकी कॉमिक्सवर आला. ब्रिटनने १९५५ मध्ये अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि १९५६ मध्ये आपल्या संसदेने जवळजवळ त्याच शब्दांत तरुण व्यक्तींसाठी अपायकारक प्रकाशनांविषयीचा कायदा संमत केला. गुन्हे, हिंसा वा क्रौर्य, किळसवाण्या वा भयंकर घटना यांच्या कथा, मग त्या चित्रांसह असोत, चित्रांविना असोत की केवळ चित्रांतून असोत, आणि एकूण परिणामाने तरुणाला बिघडवणाऱ्या असोत, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. तरुण म्हणजे वीस वर्षांखालील. कायद्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्या कथांमुळे हे सगळे उद्भवले, त्या इथे फारशा कोणी पाहिल्याच नव्हत्या, आणि ‘चित्रांतली भयकथा म्हणजे मुलांना अपाय’ हे समीकरण मात्र पक्के झाले. पुढे मुंबईतूनच १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स आणि १९६७ पासून अमर चित्रकथा निघाल्या, मराठीतही आल्या, घराघरांत वाचल्या गेल्या. एकीकडे जंगलातला नायक, दुसरीकडे पुराणे आणि इतिहास. सहा-आठ पानांत संपणारी, मोठ्यांनीही वाचावी अशी स्वतंत्र चित्रकथा आपल्याकडे रुजली नाही ती नाहीच.

तिकडे संहितेनंतरही हा प्रकार संपला नव्हता. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको हे पाच पानांच्या अद्भुतकथा करत राहिले, आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये बंद पडणाऱ्या अशाच एका कथा-नियतकालिकाच्या शेवटच्या अंकात, इतर छोट्या कथांच्या सोबतीला, त्यांनी कोळ्याच्या शक्ती मिळालेल्या एका शाळकरी मुलाची अकरा पानांची कथा छापली. आज जगभरची मुले ज्याचे चित्र दप्तरावर मिरवतात, तो स्पायडरमॅन असा एका लघुकथेतून आला. १९६४ पासून जेम्स वॉरन यांनी ‘क्रीपी’ हे मोठ्या आकाराचे, कृष्णधवल नियतकालिक काढले. ते कॉमिक बुक नव्हे तर मॅगझिन म्हणून निघत असल्याने संहितेच्या कक्षेत येत नव्हते आणि ईसीचे अनेक चित्रकार तिथे पुन्हा कामाला लागले.

संपादक महोदय, माझी खरी विनंती यापुढे आहे. मराठीत गूढकथा आणि भयकथा रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप यांनी ज्या उंचीवर नेली, ती उंची कुठल्याही भाषेला अभिमान वाटावा अशी आहे. विज्ञानकथेसाठी मराठी विज्ञान परिषदेने स्पर्धा घेतल्या, आणि १९७४ मध्ये अशाच एका स्पर्धेला जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने आपली कथा पाठवली. चित्रकारांची तर मुंबईत कधीच वानवा नव्हती. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे पाहण्यासाठी लोक अंक घेत. कथा आहे, चित्रकार आहे, आणि १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपराही आहे. परंतु या अंकांत चित्राला आजवर मिळत आली ती जागा कथेच्या शीर्षकाशेजारची, अर्ध्या पानाची. कथा चित्रांतूनच सांगायची, चित्रकाराला सहलेखकाचा मान द्यायचा, हे क्वचितच कोणी केले.

आपल्या वृत्तपत्राचा दिवाळी अंक निघतो. त्यात आठ पाने, म्हणजे अर्धा फर्मा, एका पूर्ण चित्रकथेसाठी राखून ठेवावा. रंगाची गरज नाही; काळ्या शाईतले रेखाचित्र आजच्या ऑफसेटवर उत्तम येते आणि खर्चही फारसा वाढत नाही. लेखक आणि चित्रकार यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवावे, मजकूर निम्म्याने कापायची मुभा चित्रकाराला द्यावी, आणि शेवटची चौकट वाचकाने पान उलटल्याशिवाय दिसणार नाही अशी पाने लावावीत. जाहिरात मध्ये घुसली तर सगळा परिणाम जातो. चित्रकाराला मानधन कथाकाराइतकेच असावे. आणि छपाई झाल्यावर मूळ चित्रे चित्रकाराला परत करावीत. हे शेवटचे कलम मी आग्रहाने घालतो, कारण छापखान्यात मी उत्तमोत्तम मूळ चित्रे छपाईचे ब्लॉक तयार झाल्यावर गठ्ठ्यांत बांधून रद्दीत जाताना पाहिली आहेत. गेन्स यांनी ईसीची मूळ चित्रफलके नीट सांभाळून ठेवली, म्हणूनच सत्तर वर्षांनंतरही त्या कथा स्वच्छ छापता येतात.

विषय काय असावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही, परंतु मुंबईत विषयांची ददात नाही. पाडायला काढलेली चाळ, तिच्यातला एकच न सोडलेला गाळा. भरतीच्या रात्री पाण्याखाली गेलेले भुयारी स्थानक. माणसांच्या जागी यंत्रे आलेल्या आणि तरीही भोंगा वाजणाऱ्या गिरणीची इमारत. लिहिणारे आणि काढणारे या शहरात आहेत, आणि त्यांतले काही सर ज. जी. कला महाविद्यालयातून दर वर्षी बाहेर पडतात.

आपल्या लेखकांना मी उल्लेखिलेल्या कथा वाचायच्या असतील तर माझ्याकडची पुनर्मुद्रणे मी आपल्या कार्यालयात आणून देईन. जुने सुटे अंक मात्र हाताळण्यासारखे राहिलेले नाहीत. त्यांचा कागद घडीवर तुटतो, तेव्हा ते पाहायचे झाल्यास त्यांनी माझ्या घरी यावे.

कळावे,
आपला नित्य वाचक,
गिरगाव, मुंबई